मधोमध

"काका, फाईल कुठे सेव्ह केलीय?" झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराने विचारलं.

"मोबाईलमध्ये."

गाव विचारल्यावर 'पृथ्वी' सांगणाऱ्याकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं.

हवा होता डिजिटल सहीचा सातबारा. १५ रुपये भरून, एकदा नव्हे तीनदा काढलेला. डाउनलोड्समध्ये कंसात एक, कंसात दोन अशी भावंडं निघाली खरी, पण ती विजेच्या बिलाची. मग आठवलं, सातबारा मी कुठल्याशा पीडीएफच्या ॲपमध्ये उघडून तिथेच 'सेव्ह' दाबलं होतं. तसं केलं की फाईल कधीकधी त्या ॲपच्याच खासगी कप्प्यात जाऊन बसते, आणि ॲप काढलं की कप्प्यासकट जाते. मागच्या महिन्यात जागा उरत नाही म्हणून मी चार ॲप उडवली होती. तेव्हा फार हलकं वाटलं होतं.

व्हॉट्सॲपवर भावाला पाठवला असेल म्हणून तिकडे शिरलो. तिथे डीओसी, पुढे तारीख, पुढे डब्ल्यूए आणि नंबर. अशा दीडशे. नावात तारीख आहे, पण माझ्या डोक्यात कुठे आहे?

आजोबांकडे दाराआड एक तार टांगलेली असायची. वर आकडा, खाली लाकडी चकती, आणि मध्ये टोचलेल्या शेतसाऱ्याच्या, खताच्या, दवाखान्याच्या पावत्या. कागद आला की मधोमध टोचायचा, मग भोक नेमकं रकमेवर पडलं तरी बेहत्तर. तारखा त्यांनाही आठवत नसत. "आक्काच्या लग्नाआधीची असणार," म्हणत ते गठ्ठ्यावरून बोट खाली नेत आणि बोट बरोबर थांबे. वरच्या पावत्या काढून माझ्या तळहातावर देत. "उलट्या करू नकोस हं." मी श्वास रोखून उभा. पालथ्या झाल्या तर आक्काचं लग्न पावसाळ्यात जायचं.

घराला रंग दिला तेव्हा ती तार कुणीतरी काढली. आकड्याला आता छत्री असते.

"काका, सापडलं का?"

"नाही. नवीन काढतो." १५ रुपये. चौथ्यांदा. या वेळी त्यानेच माझा फोन घेतला, कुठे कुठे बोट फिरवलं आणि दोन प्रती माझ्यासमोर ठेवल्या, कोमट.

"पंच मारून देऊ?"

"मार. मधोमध."

"मधोमध कोण मारतं, काका?"