मोठ्या वॉशिंग मशीनचा टिकाऊपणा ड्रमच्या मागे असतो

मशीनवर लिहिलेले १० किंवा १२ किलो हे कोरड्या सुती कपड्यांचं वजन असतं आणि ते फक्त कॉटन प्रोग्रॅमला लागू पडतं. तेच मशीन सिंथेटिकवर साधारण निम्मेच कपडे घेतं आणि लोकरी, नाजूक कपड्यांवर दोन-अडीच किलोंवर थांबतं. क्विक वॉशचंही बहुतेक मशीनमध्ये तसंच. हा हिशोब माहितीपुस्तिकेतल्या प्रोग्रॅमच्या तक्त्यात छापलेला असतो. घ्यायच्या आधी तो तक्ता जरूर वाचा. ज्या घरात बरेचसे कपडे पॉलिएस्टरचे किंवा मिश्र धाग्याचे आहेत, तिथे १० किलोचं मशीन रोजच्या वापरात ५ किलोंचंच असतं.

दुसरं काम वजनकाट्याचं. धुवायचे कपडे पिशवीत भरून एकदा तोलून बघा. बाथ टॉवेल ५०० ते ७०० ग्रॅम भरतो, जीन्स ६०० ते ८००, टी-शर्ट १५० ते २००, डबल बेडची सुती चादर ७०० ते ९००. म्हणजे चार चादरी, सहा टॉवेल आणि चार जीन्स एकत्र केल्या तरी जेमतेम साडेनऊ किलो होतात. एवढे कपडे एका वेळी मळतात का, आणि धुतल्यावर वाळत घालायला जागा आहे का? १४०० आरपीएमवर (म्हणजे मिनिटाला १४०० फेऱ्यांवर) पिळल्यानंतरही सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या साधारण निम्मं पाणी उरतं, ८०० वर सुमारे ७० टक्के. १० किलो कपडे म्हणजे ५ ते ७ लिटर पाणी दोरीवर चढतं. सुकवण्याची सोय असलेलं मशीन घेत असाल तर आणखी एक आकडा बघा. सुकवण्याची क्षमता धुण्याच्या क्षमतेच्या ६० टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे अर्धे कपडे बाहेर काढूनच पुढचा प्रोग्रॅम लावावा लागतो.

मोठ्या ड्रमचा खरा फायदा वजनात नसून जागेत आहे. डबल दुलई असते तीन किलोंची, पण फुगून सगळा ड्रम भरते. फ्रंट लोडमध्ये कपडे वर उचलले जातात आणि खाली आपटतात, त्या आपटण्यानेच ते स्वच्छ होतात. ७ किलोच्या मशीनचा ड्रम ५० ते ५५ लिटरचा असतो. त्यात दुलई कोंबली की ती ड्रमबरोबर नुसती फिरते, मधला भाग नीट भिजतही नाही आणि साबण आतच राहतो. १० किलोच्या सुमारे ७० लिटरच्या ड्रममध्ये तीच दुलई मोकळी पडते. कपडे भरल्यावर वर उभा हात सहज आत गेला पाहिजे. हात दाबून घालावा लागत असेल तर एक-दोन कपडे बाहेर काढा.

टिकाऊपणाचा प्रश्न मात्र धुताना येत नाही, पिळताना येतो. ड्रमची त्रिज्या २५ सेंटिमीटर आणि वेग १४०० आरपीएम धरला, तर एका बाजूला गोळा झालेले फक्त ५०० ग्रॅम जास्तीचे कपडे सुमारे २७० किलो वजनाइतक्या जोराने ड्रमला बाहेर ओढतात. त्या जोराची दिशा सेकंदाला २३ वेळा गोल फिरते. वेग निम्मा केला की जोर चौथाईवर येतो. म्हणून रोजच्या कपड्यांना १००० ते १२०० पुरे. १४०० फक्त टॉवेल-चादरींसाठी राखून ठेवलेले बरे.

हा सगळा जोर झेलतं कोण? फ्रंट लोडचा ड्रम फक्त मागून धरलेला असतो. मागे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा तीन हातांचा तिकटा असतो, त्याला स्पायडर म्हणतात. त्याच्या मधोमध लोखंडी शाफ्ट, शाफ्टवर दोन बेअरिंग आणि पाण्याच्या बाजूला एक ऑइल सील, म्हणजे बेअरिंगमध्ये पाणी शिरू न देणारं रबरी कडं. पुढून काहीही आधार नाही. कपाटाची रुंदी ६० सेंटिमीटरच ठेवायची असल्यामुळे क्षमता वाढवताना ड्रम खोल केला जातो, आणि खोल ड्रममधले कपडे बेअरिंगपासून आणखी लांब जातात. लांब दांड्याच्या टोकाला बादली अडकवली की मनगटावर ताण वाढतो, अगदी तसं. अशा वेळी शाफ्ट आणि बेअरिंगही मोठे हवेत. सुट्या भागांच्या यादीत बेअरिंगचा नंबर मिळतो. शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणलं की आतला व्यास मिलिमीटरमध्ये कळतो: ६२०५ म्हणजे २५, ६२०६ म्हणजे ३०. ६३०६ चाही आतला व्यास ३०च, पण बाहेरचा ६२ ऐवजी ७२, म्हणजे जास्त दणकट. ८ किलो आणि ११ किलोच्या मॉडेलमध्ये तेच दोन नंबर दिसले, तर माझं मत स्पष्ट आहे: ८ किलोचं घ्या.

बिघाडाचा क्रमही ठरलेला असतो. आधी सील झिजतं. मग साबणाचं पाणी पुढच्या बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन नेतं आणि गोळ्यांना गंज चढतो. सुरुवातीला पिळताना बारीक गुणगुण येते, काही महिन्यांत तिची जात्यासारखी घरघर होते. घरच्या घरी तपासायचं असेल तर मशीन बंद करून प्लग काढा, दार उघडा, ड्रमची वरची कड आतून धरून वर उचला. ड्रम आणि बाहेरचा टब दोन्ही मिळून स्प्रिंगवर हलले तर ठीक. ड्रम एकटाच वर आला आणि दाराच्या रबराजवळची फट कमी-जास्त झाली, तर बेअरिंग गेलं. या अवस्थेत मशीन ओढत राहू नका, कारण शाफ्टवरची सील बसायची जागा खरवडली गेली की नवं सील टाकूनही गळती थांबत नाही.

इथेच टबची बांधणी महत्त्वाची ठरते. टबचे दोन भाग स्क्रूने जोडलेले असतील तर तो उघडतो, बेअरिंग आणि सील बदलता येतात. दोन्ही भाग वितळवून कायमचे चिकटवलेले असतील तर बहुतेक वेळा ड्रमसकट पूर्ण टबच बदलायला सांगतात, आणि तो खर्च ऐकून चांगलं मशीन भंगारात जातं. हे फार चुकीचं आहे, पण घेताना कोणी विचारतच नाही. टब उघडणारा असेल तर मागचं झाकण काढल्यावर त्याच्या कडेने स्क्रूंची रांग दिसते. सर्व्हिसवाल्याला मॉडेल नंबर सांगितला तर तोही सांगेल. मोटरवरच्या लांबलचक वॉरंटीचा या बाबतीत उपयोग नाही, बेअरिंग सहसा तिच्यात येत नाही.

वापरातली सगळ्यात वाईट सवय म्हणजे मोठ्या मशीनमध्ये एकच जड वस्तू लावणं. एकटा बाथमॅट किंवा एकच जाड टॉवेल एका बाजूला बसतो, मशीन पुन्हा पुन्हा कपडे पसरवायचा प्रयत्न करतं आणि शेवटी कमी वेगात कसंबसं पिळतं किंवा एरर दाखवून थांबतं. सोबत दोन-तीन टॉवेल टाका, तोल लगेच जमतो. रेनकोट, ताडपत्री, गादीचं वॉटरप्रूफ कव्हर मात्र स्पिनला लावूच नका. त्याच्या खोळीत पाणी अडकतं, वेग वाढल्यावर ते एकदम सुटतं आणि तोल बिघडून टब कपाटावर आदळतो. मोठ्या ड्रमच्या मशीनमध्ये टब आणि पत्रा यांच्यातली जागा आधीच कमी, त्यामुळे शॉक अब्जॉर्बर थोडे सैल झाले तरी आपटण्याचा आवाज येतो. ते सगळे एकदमच बदलायचे, एकच बदलला तर टब तिरका चालतो.

स्पायडर मात्र तोलामुळे कमी आणि साबणामुळे जास्त जातो. गरजेपेक्षा जास्त डिटर्जंट, सतत थंड पाणी आणि भरपूर फॅब्रिक कंडिशनर यांचा चिकट थर ड्रमच्या मागे साचतो. त्या ओलसर थराखाली अ‍ॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झडतं आणि एक दिवस हात तुटतो. पॅकवर कपड्यांच्या वजनानुसार आणि पाण्याच्या जडपणानुसार मात्रा दिलेली असते, तीच पाळा. ड्रम मोठा आहे म्हणून साबण वाढवायचा नाही. महिन्यातून एकदा कपडे न घालता ६० अंशांवर पावडर डिटर्जंटने मशीन चालवा. लिक्विडमध्ये सहसा ब्लीच नसतं, म्हणून पावडर. धुण्याचा सोडा किंवा सायट्रिक अ‍ॅसिड दर आठवड्याला ओतण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो, पण दोन्ही अ‍ॅल्युमिनियमला खातात. हीटरवर क्षार जमत असतील तेव्हाच डीस्केलर वापरा, मोजून.

बसवताना मागचे ट्रान्झिट बोल्ट, म्हणजे वाहतुकीत टब हलू नये म्हणून लावलेले बोल्ट, काढले आहेत ना, हे स्वतः बघा. ते राहिले तर पहिल्याच स्पिनला शॉक अब्जॉर्बर आणि टबचं नुकसान होऊ शकतं. मग समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबा. मशीन डुगडुगलं तर पाय फिरवून जमिनीला टेकवा आणि लॉकनट वर पत्र्याला घट्ट करा. खाली लाकडी फळी किंवा मऊ रबर नको, पक्की फरशी हवी.

मोठ्या टॉप लोडचं गणित थोडं वेगळं. तिथे टब चार कोपऱ्यांतल्या दांड्यांवर लटकतो. दुलई आत हवा धरून वर तरंगते आणि पिळताना एका बाजूला चढते. दुलईसाठीच मोठं मशीन घ्यायचं असेल तर फ्रंट लोडच बघा.

आठवड्याला दोनदा सात-आठ किलो सुती कपडे निघत असतील तर १० किलोचं मशीन रास्त आहे, तेही उघडणाऱ्या टबचं. दुलई वर्षातून दोनदाच धुवायची असेल, तर ७-८ किलोचं मशीन घ्या आणि दुलई लाँड्रीत द्या.