सायीसकट गुलाबपाणी

मिरजेत आमचं औषधांचं दुकान आहे. गुलाबपाण्याच्या बाटल्या मुलतानी मातीच्या पुड्यांशेजारी ठेवलेल्या असतात, आणि लग्नसराई नि ऊन एकदम सुरू झालं की तो कप्पा सारखा भरावा लागतो. गिऱ्हाईक बाटली उलटी करून बघतं ते किमतीसाठी. माझं म्हणणं, तशी उलटी केलीच आहे तर घटकही वाचा. पाणी, मग ‘परफ्युम’, मग फेनॉक्सीइथेनॉल (टिकवण्यासाठी घालतात ते) एवढंच दिसलं तर ते वास घातलेलं पाणी. अपायकारक असेलच असं नाही, पण गुलाबाचा संबंध बाटलीवरच्या चित्रापुरता. ‘रोझा डमासीना फ्लॉवर वॉटर’ असं लिहिलं असेल तर निदान फुलांचा दावा तरी केलेला असतो.

नुसत्या नाकावर विसंबू नका. गुलाबपाण्याचा जो ओळखीचा गोड वास आहे तो मुख्यतः फेनिलइथाइल अल्कोहोलचा. गुलाबाच्या वासातले सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल तेलात जास्त जातात. फेनिलइथाइल अल्कोहोल मात्र पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो, म्हणून पाण्यात उतरतो. आणि तो कारखान्यात स्वस्तात बनतो. त्यामुळे नकली बाटलीलाही वास अगदी ‘खरा’ येतो, कधी कधी खऱ्यापेक्षा जोरात.

खरं कसं काढतात ते मी कनौजला पाहिलं. बहीण कानपूरला होती, तिथून कनौज ऐंशीएक किलोमीटर. मार्चअखेर होती, गुलाबाचा हंगाम. फुलं पहाटे, ऊन चढायच्या आत खुडलेली. उशीर झाला की वास उडतो. तांब्याच्या मोठ्या हंड्यात, म्हणजे देगेत, पाणी आणि फुलं. वर झाकण, झाकणाच्या कडेला माती लिंपलेली. झाकणातून निघालेली बांबूची नळी, तिला सुंभ गुंडाळलेला, ती गार पाण्याच्या हौदात बुडवलेल्या भपक्यात उतरलेली. भपका म्हणजे लांब मानेचं तांब्याचं भांडं. खाली लाकडं नि शेणी. थर्मामीटर कुठेही नाही. कारागीर भपक्याला हात लावून, कान देऊन ठरवत होता की आच कमी करायची का. बी. फार्मसीला आम्ही काचेच्या कंडेन्सरशी जे करायचो तेच इथे माती-बांबूवर चाललं होतं आणि आमच्यापेक्षा कितीतरी नीट. भपक्यात आधी चंदनाचं तेल घातलं तर गुलाबाचं अत्तर. रिकामा ठेवला तर गुलाबपाणी.

या पाण्यावर तेलाचा पातळ तवंग येतो. जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो की नूरजहाँची आई अस्मत बेगम गुलाबपाणी करत असताना भांड्यात वर फेस आला, तो तिने थोडा थोडा गोळा केला आणि गुलाबाचं अत्तर सापडलं. त्याने तिला मोत्यांची माळ दिली आणि अकबराची विधवा सलीमा सुलतान बेगम हिने त्या अत्तराला ‘इत्र-ए-जहांगिरी’ नाव दिलं. लोक हे श्रेय नूरजहाँला देऊन मोकळे होतात. राणीची गोष्ट जास्त खपते, सासूची कोण ऐकणार!

गुलाबपाणी स्वतः मात्र त्याच्या फार आधीचं. त्याचा शोध इब्न सिना या जुन्या वैद्याच्या नावावर खपवतात, पण बगदादच्या अल-किंदी या पंडिताने नवव्या शतकातच सुगंधी द्रव्यांच्या ऊर्ध्वपातनावर, म्हणजे वाफ करून अर्क गाळण्यावर, लिहून ठेवलं होतं, इब्न सिना जन्मायच्या शंभर वर्षं आधी. इराणात काशानजवळच्या कमसरला आजही मे महिन्यात गुलाब गाळायचा उत्सव असतो. आपल्याकडे गुलाबपाणी आलं ते दरबारातून, अत्तर-गुलाब नि पानविड्यासोबत, आणि मांडवाच्या दारात गुलाबदाणी होऊन राहिलं.

मला सगळ्यात आवडते ती उत्तर प्रदेशातल्या गाझीपूरची हकीकत. 1824 मध्ये बिशप हेबर नावाचा इंग्रज पाद्री तिथून गेला, त्याने गुलाबाच्या शेतांबद्दल लिहिलंय. गुलाबपाणी रात्रभर उघड्या भांड्यांत ठेवायचं, सूर्योदयाला वरचं तेल निपटून घ्यायचं. साय काढलेलं पाणी स्वस्त, सायीसकट महाग. अत्तर बाजारात तोळ्याला 80 रुपये, पण त्यात बऱ्याचदा चंदन मिसळलेलं असायचं. खात्रीचं हवं तर इंग्रजांच्या वखारीत 100. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीही गिऱ्हाईक हेच विचारत होतं, ‘असली आहे ना?’

आता चेहऱ्याचं. गुलाबपाणी किंचित आम्लधर्मी असतं, आपली त्वचाही तशीच, म्हणून साबणाने ओढल्यासारखं झालेल्या चेहऱ्याला ते बरं वाटतं. गारवा येतो तो पाणी उडून जाताना. मुलतानी माती भिजवायला उत्तम, पण माती पूर्ण वाळून तडे जाईपर्यंत ठेवू नका. डाग जातात, रंग उजळतो, सुरकुत्या मिटतात, यातलं मी काउंटरवर काहीही सांगत नाही. नुसतं पाणी लावून त्वचेत ओल टिकत नाही. ओलसर चेहऱ्यावर लगेच क्रीम लावलं तर टिकते. जुनं कोल्ड क्रीम म्हणजे तरी काय, मेण, तेल नि पाणी घोटून एकजीव केलेलं. प्राचीन रोमन काळातल्या गॅलन या वैद्यापासूनची कृती, औषधकोशात तर ते ‘रोझ वॉटर ऑइंटमेंट’ म्हणूनच होतं.

हिवाळ्यात टाचांना ग्लिसरीन-गुलाबपाणी जरूर लावा, ग्लिसरीनच्या दुप्पट-तिप्पट गुलाबपाणी घालून. त्यात लिंबू पिळायचा सल्ला फिरत असतो, तो चेहऱ्यावर नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात, असे चेहरे घेऊन लोक माझ्याकडे आलेत.

आणि डोळ्यांत घालायचं असेल तर फडताळातली बाटली मी देत नाही. ती निर्जंतुक नसते. पापण्या मिटून वर भिजवलेला कापूस ठेवा, खुशाल ठेवा. डोळे लाल असतील, चिकटत असतील तर आमच्या मिरजेत डॉक्टरांना काही तोटा नाही.