सीडीचं प्लास्टिक पोलरायझरखाली: आतापर्यंतची प्रगती

सीडीला पॉलिकार्बोनेटच का, अॅक्रिलिक का नाही, हा प्रश्न मागच्या नोंदीत तसाच राहिला होता. आता त्यावर दोन शब्द बोलण्याइतकं हाताशी आलंय.

सामान सगळं पुण्यातलंच. जुन्या बाजारातल्या सीडी-आर आणि डीव्हीडी-आर (घरी रेकॉर्ड करायच्या चकत्या), सीडीच्या कडक पारदर्शक डब्या, नेमप्लेट बनवणाऱ्याकडचे अॅक्रिलिकचे तुकडे आणि भंगारातल्या एलसीडी मॉनिटरवरून सोललेली पोलरायझर फिल्म, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देणारा पापुद्रा. खालून उजेड लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनचा. तो मुळातच ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा असतो, त्यामुळे एक फिल्म पुरते.

सीडी-आर सोलायला सोपी. लेबलच्या बाजूने ब्लेडची एक रेघ मारायची, पॅकिंगची टेप घट्ट दाबायची आणि झटक्यात ओढायची. चकचकीत थर टेपबरोबर येतो, कारण त्याच्यावर लॅकरचा जेमतेम काही मायक्रॉनांचा पापुद्रा असतो. लेबलवरचा ओरखडा खालच्या ओरखड्यापेक्षा घातक ठरतो तो यामुळेच. उरलेला डाय (रेकॉर्डिंगचा रंगाचा थर) आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचा. अॅसिटोन मात्र अजिबात नको, त्याने पॉलिकार्बोनेट पांढुरकं पडून तडकतं. हातात उरते १.२ मिलिमीटर जाडीची स्वच्छ चकती.

फिल्म फिरवून स्क्रीन काळा केला आणि आधी डबी ठेवली. अक्षरशः इंद्रधनुष्य! डबी पॉलिस्टायरिनची असते. साच्यात ओतताना रेणू ज्या दिशेला ओढले गेले तसेच ते गोठतात. हा गोठलेला ताण प्रकाशाचं ध्रुवन बदलतो, म्हणून तो फिल्ममधून सुटतो आणि कोपऱ्यांत, बिजागरीजवळ रंगांचे पट्टे दाटीवाटीने उमटतात. मग चकती ठेवली. ती जवळजवळ काळीच राहिली, फक्त भोकाभोवती, म्हणजे जिथून वितळलेलं प्लास्टिक साच्यात शिरतं तिथे, थोडी उजळ झाली आणि वर एक फिकट काळी फुली दिसली. चकती कलती केली की सगळीच राखाडी उजळते, म्हणजे जाडीच्या दिशेने ताण अजून आहेच. अॅक्रिलिकचा तुकडा सपाट असो की कलता, काळाच.

इथेच मला खरी मजा वाटते. या कसोटीवर अॅक्रिलिक सरळ सरस आहे. सीडीच्या आधीच्या, सिनेमांच्या मोठ्या लेझरडिस्क अॅक्रिलिकच्याच होत्या. पण अॅक्रिलिक हवेतला ओलावा पॉलिकार्बोनेटपेक्षा कितीतरी जास्त पितं. लेझरडिस्कच्या दोन बाजू पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या असल्याने तिथे निभावलं. सीडीला धातूचा थर एकाच बाजूला, त्यामुळे दुसरी बाजू फुगली की चकती वाकणार. आपल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत काय झालं असतं, विचार करा. शिवाय पॉलिकार्बोनेट साधारण १४७ अंशांपर्यंत मऊ पडत नाही, अॅक्रिलिक १०५ च्या आसपासच हार मानतं.

म्हणून प्लास्टिक बदललं आणि ताणाचा प्रश्न साच्यात सोडवला: सहज वाहणारी, कमी रेणुभाराची जात, आणि वितळलेला रस ३०० अंशांच्याही वर तापवलेला. एवढा खटाटोप का, तर प्लेअरच्या दृष्टीने ही चकती नुसतं आवरण नाही, तो भिंगाचाच एक भाग आहे. ७८० नॅनोमीटरचा लेझर पृष्ठभागावर सुमारे पाऊण मिलिमीटर रुंद असतो आणि १.२ मिलिमीटर प्लास्टिक ओलांडून दीड-दोन मायक्रॉनांच्या ठिपक्यावर येतो. बऱ्याच पिकअपमध्ये (प्लेअरच्या वाचणाऱ्या डोळ्यात) परतणारा प्रकाश ध्रुवनावरूनच वेगळा काढतात. डब्यांचं प्लास्टिक तिथे वापरलं असतं तर खेळ आटोपलाच होता.

सोललेल्या चकतीवर चऱ्या, म्हणजे रेकॉर्डिंगच्या बारीक खाचा, शिल्लक असतात आणि त्या प्रकाश बाजूला वळवतात, हा बोनस. हिरवा लेझर पॉइंटर (५३२ नॅनोमीटर) सरळ आरपार सोडला, भिंत १ मीटरवर ठेवली: सीडीचा बाजूचा ठिपका मधल्यापासून सुमारे ३५ सेंटिमीटरवर. डीव्हीडी-आर दोन पातळ चकत्या चिकटवून केलेली असते; ती काठातून ब्लेडने उकलून धुतली, तर तोच ठिपका मीटरभराच्या थोडा पलीकडे. १.६ आणि ०.७४ मायक्रॉन अंतराच्या चऱ्यांचं गणित चोख जुळतं. आयुका या पुण्यातल्या खगोलसंस्थेच्या मुक्तांगण विज्ञानकेंद्रासारख्या ठिकाणी मुलांना वर्णपटदर्शक (प्रकाशाचे रंग वेगळे करणारं साधन) करून दाखवायला डीव्हीडीची ही अर्धी चकती मी सीडीपेक्षा वर ठेवेन.

पुढचा नंबर ब्लू-रेचा. तिथे चऱ्यांतलं अंतर ०.३२ मायक्रॉन, हिरव्या प्रकाशाच्या लांबीपेक्षाही कमी. त्यामुळे सरळ मारलेल्या लेझरचा बाजूचा ठिपका मिळणारच नाही, चकती ४२ अंशांहून जास्त कलती केली तरच परतणाऱ्या प्रकाशात दिसायला हवा. शिवाय वाचणाऱ्या बाजूचा थर फक्त ०.१ मिलिमीटर, वर कडक लेप. तो अखंड कसा सोलायचा, कुणी केलं असेल तर जरूर सांगा.