राजा कुठल्या रकान्यात?

गेल्या मार्चात आमच्या शेल्टरला मदत करणाऱ्या ट्रस्टचं पत्र आलं: वर्षभरात किती प्राणी वाचवले ते टक्केवारीत कळवा. मी दर रविवारी कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून तिथं जाते, बँकेत असल्यामुळं आकड्यांची सवय आहे, म्हणून काम माझ्याकडं आलं. एका रविवारात उरकेल असं वाटलं होतं, तीन आठवडे लागले.

रजिस्टरं चार, आणि प्रत्येकात वेगळं अक्षर. एकात 'रंकाळ्यावरची भुरी', दुसऱ्यात 'भुरी, मागचा पाय मोडलेला'. ही एकच कुत्री आहे हे कळायला अख्खी संध्याकाळ गेली. काही जनावरं आल्याची नोंद होती, पुढं काय झालं त्याची नाही. तेवढ्यासाठी मावशींच्या शेजारी बसून एकेक नाव विचारलं. मावशी तिथं राहूनच सगळ्यांचं खाणंपिणं बघतात. त्यांना सगळं तोंडपाठ.

मग टक्केवारी काढायची कशी ते वाचायला घेतलं. अमेरिकेत 'लाइव्ह रिलीज रेट' काढतात. शेल्टरमधून जेवढी जनावरं बाहेर पडली, मेलेलीसुद्धा त्यात आली, त्यातली जिवंत किती गेली? दत्तक गेलेली, मालकाला परत मिळालेली, दुसऱ्या संस्थेत पाठवलेली, सगळी जिवंतात. साधारण ९० टक्के गाठले की 'नो-किल', म्हणजे वाचू शकणारं जनावर न मारणारं शेल्टर, म्हणायची तिकडं पद्धत आहे.

आपल्याकडं हे जसंच्या तसं बसत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणं नसबंदी आणि रेबीजची लस झाली की भटकं कुत्रं सहसा जिथून उचललं तिथंच सोडायचं असतं. आमची बरीचशी कुत्री अशी नसबंदीची खूण म्हणून कानाला खाच घेऊन आपापल्या गल्लीत परत जातात. ती 'वाचवली' म्हणायची का? मी वेगळा रकाना केला. नसबंदीला आलेलं धडधाकट कुत्रं आणि हायवेवरून उचललेलं चेंगरलेलं कुत्रं एकाच बेरजेत टाकणं मला पटेना.

खरी कसोटी पिल्लांनी घेतली. पावसाळ्यात कुणीतरी गेटवर आंब्याच्या पेटीत पाच पिल्लं ठेवून गेलं. पार्व्हो होता, पिल्लांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार. रक्ताचे जुलाब, डोळे आत गेलेले. डॉक्टरांनी सलाईन लावलं, मावशी रात्रभर चमच्यानं पाणी पाजत बसल्या, तरी चार गेली. कागदावर हे चार मृत्यू, आमची टक्केवारी खाली. ती पेटी गेटवरूनच परत पाठवली असती, तर आकडा छान दिसला असता. म्हणूनच जनावर कुठल्या अवस्थेत आलं, हे लिहिल्याशिवाय टक्केवारी मांडूच नये, असं माझं ठाम मत झालं. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या असिलोमारला अमेरिकेतल्या संस्थांनी अशीच वर्गवारी ठरवली होती: निरोगी, बरी होण्यासारखी, औषधावर सांभाळता येण्यासारखी आणि हाताबाहेर गेलेली. मी तीच मराठीत करून घेतली.

शेवटच्या रविवारी सगळं मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ताई, आणि राजा? त्यो कुठल्या रकान्यात?"

राजा कुठंच नव्हता. मागचे दोन्ही पाय लुळे, पुढच्या पायांवर घसटत येतो, घसटून जखम होऊ नये म्हणून मागं जुन्या सतरंजीचा तुकडा बांधलेला. तो दत्तक गेला नाही, परत सोडता येत नाही, आणि मेलाही नाही. बाहेर पडलेल्यांचाच हिशेब धरला की आतच राहिलेला राजा दिसतच नाही. असे अकरा निघाले.

मी एक पान वाढवलं. त्यावर प्रत्येकाचं नाव, आल्याची तारीख आणि शेल्टरमध्ये काढलेले दिवस. राजाचे १,२१८ झाले होते. ट्रस्टनं मागितलं नव्हतं, तरी ते पान सगळ्यात वर लावून पाठवलं.

पंधरा दिवसांनी तिथून फोन आला. टक्केवारीबद्दल काहीच विचारलं नाही. राजासाठी चाकाची गाडी बनवायला मापं कशी घ्यायची, एवढंच विचारलं. मी फोन मावशींकडं दिला.