एन्स्लेव्हड : लांब दमाचे ब्लॅक मेटल

एन्स्लेव्हड या नॉर्वेच्या बँडविषयी बोलताना त्याच्या वाटचालीचे सहसा दोन तुकडे पाडले जातात : आधीचा ब्लॅक मेटलचा, म्हणजे कर्कश, वेगवान आणि काळोख्या हेवी मेटलचा, आणि नंतरचा प्रोग्रेसिव्हचा, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकचा. ही विभागणी मला पटत नाही. गिटारवादक ईवार ब्योर्नसन आणि गायक ग्रुट्ले शेल्सन यांनी १९९१ साली बँड उभा केला, तेव्हा ईवार अवघा १३ वर्षांचा होता. १९९४ च्या ‘विकिंगलिग्र वेल्दी’ या पहिल्या पूर्ण अल्बममध्ये गाणी पाचच आहेत, पण अल्बम पाऊण तासाहून मोठा आहे. एकच रिफ, म्हणजे गिटारवरची पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, कितीतरी वेळ घोळवत ठेवायचा, त्याच्याभोवती कीबोर्डचे सूर पसरू द्यायचे आणि घाई म्हणून करायची नाही, ही वृत्ती तिथेच दिसते. १९९७ च्या ‘एल्ड’ची सुरुवात तर इंग्लंडच्या लिंडिसफार्न बेटावरील व्हायकिंगांच्या स्वारीविषयीच्या १६ मिनिटांच्या गाण्याने होते.

म्हणूनच २००३ चा ‘बिलो द लाइट्स’ ऐकताना बँडने वाट बदलली असे मला वाटले नाही. जुनीच वाट रुंद झाली, असे वाटले. त्यातील पहिल्या गाण्यात ट्रेमोलो पिकिंगच्या, म्हणजे एकच सूर अतिवेगाने छेडत राहणाऱ्या, गिटारींवर मेलोट्रॉन या कीबोर्डसारख्या वाद्याचे सूर तरंगतात. मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीमागे ध्वनिमुद्रित फीत असते, आणि पट्टी दाबून धरली तरी ती जेमतेम ८ सेकंद वाजून संपते. सत्तरच्या दशकातील प्रोग्रेसिव्ह रॉकने लाडके केलेले हे वाद्य येथे उसने मुळीच वाटत नाही. त्याच्या किंचित थरथरत्या सुरांमुळे गिटारींचा कोरडा, बोचरा आवाज अधिकच एकाकी होतो. हेडफोन लावून ही मिनिटे मी असंख्य वेळा ऐकली आहेत.

२००४ च्या ‘ईसा’पासून हेर्ब्रान लार्सेनचा स्वच्छ गळा ग्रुट्लेच्या खरखरीत आवाजासमोर उभा राहिला. ही जोडी मला अतिशय प्रिय आहे. तरीही २०१५ च्या ‘इन टाइम्स’पर्यंत स्वच्छ आवाजातले ध्रुवपद नेमके कधी येणार, हे आधीच कळू लागले होते. २०१६ मध्ये लार्सेन बाहेर पडला, त्याच्या जागी होकोन विन्ये आला आणि पुढच्याच वर्षीच्या ‘ई’मध्ये ती सवय मोडली. २०२३ च्या ‘हाइमडाल’पर्यंत ईवार आणि ग्रुट्ले दोघेही कायम आहेत. तो अल्बम संपताच ‘विकिंगलिग्र वेल्दी’ लावला, तर रिफ घोळवणारा तोच हात लगेच ओळखू येतो.