डाऊनरिगर हाताचा की मोटरचा? तुम्ही विचारलंत म्हणून

मालवण, वेंगुर्ला, कारवार, कुठूनही फोन आला तरी डाऊनरिगरबद्दल, म्हणजे गळाचं आमिष खोल पाण्यात नेणाऱ्या यंत्राबद्दल, प्रश्न तोच. "मिस्त्रीनू, हातान फिरवचो घेव काय मोटरचो?" समुद्र घाटाखाली आणि माझं वर्कशॉप बेळगावच्या उद्यमबागेत, तरी लोक मला विचारतात. कारण क्रँकशाफ्ट आणि हायड्रॉलिक्सची कामं करणारे लेथ इथे आहेत, ओतकाम इथे आहे. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी लागली की मिठाने खाल्लेले डाऊनरिगर आंबोली नाहीतर चोर्ला घाट चढून दुरुस्तीला येतात. ते उघडून आत काय झालंय हे मी बघतो, आणि माझं मत त्यातूनच बनलेलं आहे.

दोन माणसं जात असतील आणि होडी लहान फायबरची असेल, तर हाताचाच घ्या. एकटे जात असाल तर मोटरचा. पाणी किती खोल, हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, होडीवर माणसं किती?

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चालत्या होडीमागे गळ ओढला की आमिष वरवरच्या पाण्यात राहतं. सुरमई खाली फिरत असेल तर त्याचा उपयोग नाही. म्हणून होडीच्या कडेला आडवा दांडा, ड्रम, त्यावर तार आणि तारेच्या टोकाला चार-पाच किलोचा गोळा. गळाची दोरी गोळ्याजवळच्या क्लिपमध्ये अडकवून खाली सोडायची. मासा लागला की क्लिप सुटते आणि मासा मोकळ्या दोरीवर खेळवता येतो. अमेरिकेत १९६६ साली मिशिगन राज्याने कोहो सामनची पिल्लं सोडली, आणि ग्रेट लेक्सच्या गार, खोल पाण्यात राहणाऱ्या त्या माशांमागे हे यंत्र फोफावलं. म्हणजे ते वाढलं गोड्या पाण्यात. खाऱ्या पाण्यात वापरताना हे विसरून चालत नाही.

आता माणसांचं. मासा लागला की गोळा लगेच वर यायला हवा, नाहीतर मासा तारेभोवती फिरतो आणि दोरी तुटते. गोळा ३० मीटरवर, म्हणजे सुमारे १०० फुटांवर आहे असं धरा. एका फेऱ्याला १ फूट तार घेणारा ड्रम असेल तर १०० फेरे, २ फूट घेणारा असेल तर ५०. पाच किलोचा गोळा आहे, विहिरीच्या रहाटाइतकेही कष्ट नाहीत. एकाने रॉड धरला, दुसऱ्याने हँडल फिरवलं, काम झालं. एकट्या माणसाला मात्र रॉडही धरायचा असतो, सुकाणूही आणि हँडलही. मोटरचा डाऊनरिगर बटण दाबलं की सेकंदाला साधारण १ मीटर या वेगाने गोळा आणतो, आणि चांगल्या यंत्रात गोळा पाण्याबाहेर आला की आपोआप थांबतो. अशा माणसाला मी पैसे वाचवायला कधीच सांगत नाही.

पण मोटर घेतली की वीज आली, आणि वीज आणि मीठ यांचं पटत नाही. माझ्याकडे येतात त्यातल्या बऱ्याच मोटरी चांगल्या असतात, गेलेलं असतं सॉकेट. वायर सोलली की आतलं तांबं काळं पडलेलं दिसतं. तिथे रोध वाढतो, मोटरपर्यंत १२ व्होल्ट पोचत नाहीत, ती अडखळते आणि तापते. बरेच जण घरच्या वायरिंगमधली उरलेली बारीक वायर बॅटरीपासून पार मागपर्यंत ओढतात. असं करू नका. कल्हई केलेल्या तांब्याची जाड वायर घ्या, लांबी कमी ठेवा, फ्यूज बॅटरीजवळ बसवा. शिवाय दोरी ओढून चालू होणाऱ्या लहान इंजिनांवर बहुधा चार्जिंगची सोय नसते, म्हणजे बॅटरी रोज घरी नेऊन चार्ज करणं आलं.

दुरुस्तीचंही बघा. जळालेलं आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा तारा गुंडाळलेला भाग, बेळगावात पुन्हा भरून मिळतं, पण आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं तर ते मागवावं लागतं आणि तोवर सीझन चाललेला असतो. हाताच्या यंत्रात गनमेटलचं बुश, ब्रेकची चकती, स्प्रिंग, एवढंच. ते बंदराजवळचा कुठलाही टर्नर करून देतो, माझ्याकडे यायचीही गरज नाही.

गोळ्याबद्दल वेगळं सांगतो, कारण इथल्या फाउंड्रीत बिडाचा गोळा स्वस्तात ओतून द्या, असा आग्रह फार होतो. मी शिशाचाच घ्यायला सांगतो. पाच किलो शिशाचा गोळा साधारण साडेनऊ सेंटीमीटर व्यासाचा होतो, बिडाचा ११. समोरून पाण्याला अडणारं क्षेत्रफळ तिसऱ्या हिश्श्याने वाढतं, शिवाय पाण्यात बिडाचं वजनही जास्त घटतं. मग गोळा मागे रेलतो, तार तिरकी होते, आणि काउंटर ३० मीटर दाखवत असताना आमिष त्याहून बरंच वर असतं. काउंटर सुटलेली तार मोजतो, खोली नाही. होडीचा वेग दुप्पट केला तर पाण्याचा अडथळा चौपट होतो, म्हणून वेगाकडेही लक्ष हवं.

हाताचा घेताना दुकानातच क्लच सैल करून बघा. गोळा खाली जाताना हँडल फिरता कामा नये. सुटलेलं हँडल बोटं मोडतं. क्लच इतकाच आवळा की गोळा खडकात अडकला तर तार सुटत राहील. नटबोल्ट एस.एस. (स्टेनलेस स्टील) ३१६ चे मागा, ३०४ खाऱ्या पाण्यात लवकर डागाळतात. ॲल्युमिनियमच्या बॉडीत ते बसतात तिथे नायलॉनचे वॉशर घाला, नाहीतर ॲल्युमिनियम झिजतं. आणि रोज गोड्या पाण्याने धुवा, कितीही दमला असाल तरी.

"खरं मोटरचा भारी असतो की!" असं आमच्या बेळगावची हौशी पोरं म्हणतात. भारी असतो, मान्य. पर्यटकांना घेऊन जाणाऱ्यांनी एका बाजूला मोटरचा, दुसऱ्या बाजूला हाताचा लावावा, हे मी त्यांनाही सांगतो. फक्त मोटरचा निवडताना वीज गेल्यावर हाताने फिरवायची सोय त्यात आहे का, हे विचारा. नसेल तर तो घेऊ नका.