उवा गेल्या, लिखा राहिल्या आणि सहा दिवस शाळा बुडाली

उवा मारणं सोपं आहे, हे आधीच सांगून टाकतो. लेकीच्या डोक्यातल्या जिवंत उवा पहिल्या डोसमध्येच जवळजवळ संपल्या. माझं डोकं फिरवलं ते लिखांनी, आणि त्याहून जास्त शाळेच्या 'नियमा'नं.

लेक आठ वर्षांची, केस कमरेपर्यंत. दोनेक आठवडे डोकं खाजवत होती, मी कोंडा समजून शाम्पू बदलला (हुशारी!). मग एका रात्री झोपेतच कराकरा खाजवायला लागली तेव्हा बायकोनं कानामागची बट वर केली आणि म्हणाली, "अरे, टॉर्च आण जरा." कोंडा असता तर फुंकरीनं उडाला असता, पण हे पांढुरके दाणे केसाला असे चिकटलेले की दोन नखांत धरून ओढल्याशिवाय हलेनात. मानेवर, केसांच्या मुळाशी एक ऊ पळतानाही दिसली, तिळाएवढी, मातकट रंगाची. पहिल्यांदा उवा झाल्या की खाज सुटायलाच चार-सहा आठवडे लागू शकतात, म्हणजे आम्हाला कळलं तोवर बाईसाहेबांचं बिऱ्हाड चांगलं जुनं झालेलं.

डॉक्टरांनी परमेथ्रिन १ टक्का लोशन दिलं. केस धुवून टॉवेलनं टिपायचे, लोशन लावून १० मिनिटं ठेवायचं, धुवून टाकायचं. नवव्या दिवशी परत. कारण औषधानं सगळ्या लिखा मरत नाहीत, आणि त्या फुटायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, त्यामुळे नंतर निघालेली पिल्लं मोठी होऊन अंडी घालायच्या आत दुसरा डोस बसला पाहिजे. शनिवारी लावलं, झालं.

सोमवारी शाळेत पाठवली आणि दहा वाजता फोन. "डोक्यात लिखा आहेत, घेऊन जा. पूर्ण साफ झाल्याशिवाय पाठवू नका." मी म्हटलं मॅडम, औषध झालंय, जिवंत काही नाही. "सर, नियम आहे."

आता लिखा काढणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर, एकेक बारीक बट वेगळी, मुळापासून टोकापर्यंत धातूची फणी, प्रत्येक वेळी टिश्यूला पुसून बघायचं काय निघालं. पहिल्या दिवशी दोन तास. मी कोरड्या केसांवर दहा मिनिटांत उरकायला बघितलं होतं, त्यात ती रडली आणि हाताला लागलं काहीच नाही, तेव्हा तो शॉर्टकट करू नका. फणी प्लॅस्टिकची तर नकोच, दात वाकतात आणि लीख मधून निसटते.

गुरुवारी परत पाठवली, परत घरी. आणखी दोन रात्री फणी. दुसऱ्या डोसनंतर पाठवली तर तिसऱ्यांदा घरी, आणि या वेळी मॅडमनी मला गेटवर बोलावून एक केस धरून दाखवला, "हे बघा." मी बघितलं. लीख मुळापासून चांगली दोन सेंटिमीटर लांब. ऊ अंडं घालते ते डोक्याच्या कातडीला लागून, केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे ही दोन महिन्यांपूर्वीची, कधीच फुटलेली, नुसतं टरफल. हे सगळं मी गेटवर उभं राहून सांगितलं. "सर, नियम आहे."

घरी येऊन मी तसाच एक केस कापून काळ्या कागदावर चिकटपट्टीनं लावला आणि मोबाईलनं झूम केला. पारदर्शक पांढरी पिशवी, वरचं झाकण उघडलेलं, आत काही नाही. बायको म्हणाली, हे घेऊन शाळेत गेलास तर मी तुला ओळखत नाही.

मग डॉक्टरांकडे गेलो. ते हसले, म्हणाले अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संस्था कधीपासून सांगतेय की लिखांसाठी मुलांना घरी बसवू नका. दोन ओळी लिहून दिल्या: उपचार पूर्ण, जिवंत उवा नाहीत. दुसऱ्या दिवशी मॅडमनी चिठ्ठी वाचली, फाईलला लावली आणि लेकीला आत सोडलं. डोकं बघितलंच नाही!! तीन वेळा केस उचकटून बघणाऱ्यांनी. टरफलं तेव्हाही होतीच की डोक्यात. त्यामुळे कुणावर ही वेळ आली तर फणी हातात घ्यायच्या आधी चिठ्ठी घ्या, मी उलटं केलं.

हो, लोशनच्या दिवशी आधी कंडिशनर लावू नका, औषध नीट बसत नाही. आणि घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच संध्याकाळी बघा. आम्ही चार दिवसांनी बघितली तेव्हा माझ्याच डोक्यात, जिथे केस जेमतेम उरलेत, तिथे दोन निघाल्या. उवा उडत नाहीत, उड्या मारत नाहीत, डोक्याला डोकं लागलं की चढतात, आणि रोज रात्री गोष्ट वाचताना आमची डोकी एकाच उशीवर. उशांचे अभ्रे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुतले ते ठीक, पण पडदे आणि सोफ्याची कव्हरं धुतली ती फुकटची हमाली, डोक्याबाहेर ऊ एक-दोन दिवसांवर जगत नाही. रॉकेल लावा म्हणणारेही भेटले, त्यांचं अजिबात ऐकू नका, मुलाच्या डोक्यावर पेटणारी वस्तू कसली ओतताय.

परवा शाळेतून परत चिठ्ठी आली, या वेळी अख्ख्या वर्गाला. मी फणी काढून ठेवलीये, आणि डॉक्टरांची वेळसुद्धा घेऊन ठेवलीये.